दहावीचे गुण : ऐंशी पेपरचे, वीस वर्षभराचे

गटाच्या बैठकीत आपण बचतीचा आणि कर्जाचा हिशेब दर महिन्याला बघतो. आज दुसरा एक हिशेब समजून घेऊ, दहावीच्या गुणपत्रिकेचा.

वांगणी, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, आपल्या या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत नववी-दहावीचं मूल आहे. निकाल लागला की आपण एकच विचारतो, "पास का नापास?" नापास म्हटलं की मुलगा एमआयडीसीत कामाला लागतो. मुलगी जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जाते, नाहीतर तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. एवढा मोठा निर्णय ज्या कागदावर होतो, तो कागद आपल्याला वाचता यायला हवा.

दहावीची परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेतं. त्याचं मुख्य कार्यालय पुण्याला आहे आणि नऊ विभागीय मंडळं आहेत. आपला ठाणे जिल्हा मुंबई विभागात येतो, त्याचं कार्यालय वाशीला. ही परीक्षा सगळ्या राज्याची एकच असते. वाडीवरची मुलगी आणि मुंबईतला मुलगा एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक आणि बारकोड असतो. तपासणाऱ्याला मूल कुणाचं, कुठल्या शाळेचं हे कळू नये, म्हणून ही व्यवस्था. त्याने तपासलेले पेपर पुन्हा मॉडरेटर पाहतात.

आता गुणांकडे येऊ. विषय सहा : तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. प्रत्येकाला १०० गुण, म्हणजे एकूण ६००. पास व्हायला साधारणपणे विषयात ३५ लागतात. हे १०० गुण दोन ठिकाणांहून येतात. ८० गुण लेखी पेपरचे, ते मंडळाकडून. उरलेले २० शाळेकडून. भाषेला तोंडी परीक्षा आणि स्वाध्याय, विज्ञानाला प्रयोग, गणिताला आणि सामाजिक शास्त्रांना गृहपाठ, छोट्या चाचण्या, असं ते वर्षभराचं काम असतं.

हे २० गुण किती मोलाचे, ते उदाहरणाने बघा. समजा, एका मुलीला गणिताच्या लेखी पेपरात ८० पैकी १९ मिळाले. शाळेचे १६ असतील तर बेरीज ३५, ती पास. शाळेचे ८ असतील तर बेरीज २७, ती नापास होऊ शकते. पेपर तोच, अभ्यास तोच. फरक कुठे पडला? वही पूर्ण नव्हती, चाचणीच्या दिवशी ती घरी होती, प्रयोगवहीवर सही राहिली, अशा गोष्टींत.

राज्याने याचा अनुभव घेतलेला आहे. काही शाळा हे गुण सढळ हाताने देतात, अशी तक्रार होती. म्हणून मार्च २०१९च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे गुण बंद केले. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता, म्हणून सगळी घसरण या एकाच कारणाने झाली असं म्हणता येणार नाही. पण पालक अस्वस्थ झाले. सीबीएसईच्या मुलांना शाळेकडचे गुण मिळतात आणि आमच्या मुलांना नाहीत, मग अकरावीच्या प्रवेशात आमची मुलं मागे पडणार, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारने पुढच्याच वर्षापासून ८०-२०ची पद्धत परत आणली. २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला.

नंतर कोरोना आला. २०२१ साली दहावीची लेखी परीक्षाच झाली नाही. मग गुण कशावर दिले? नववीचा निकाल, दहावीतल्या शाळेच्या चाचण्या आणि तोंडी-प्रात्यक्षिक यांवर. "नववीला कोण विचारतं?" असं म्हणणाऱ्यांना त्या वर्षी नववीची गुणपत्रिका शोधावी लागली.

आमच्या एका गटातल्या ताईंनी विचारलं होतं, "पोरीच्या बेरजेत आणि टक्क्यांत मेळच बसत नाही, असं कसं?" त्याचं कारण आहे 'बेस्ट ऑफ फाइव्ह'. पास सगळ्या विषयांत व्हायचं, पण टक्केवारी काढताना सर्वांत चांगले पाच विषय धरतात. समजा गुण असे आहेत : ६२, ४८, ७१, ३६, ४५ आणि ५८. यातले ३६ बाजूला ठेवले की पाच विषयांची बेरीज २८४ होते. ५०० पैकी २८४ म्हणजे ५६.८० टक्के. सहाही विषय धरले असते तर ५३.३३ झाले असते.

आणि मूल नापास झालंच तर? तिथे दार बंद होत नाही. जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते, तिचा फॉर्म शाळेतूनच भरायचा. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळतो, मात्र राहिलेले विषय सोडवावेच लागतात. गुण कमी वाटले तर गुणपडताळणी मागता येते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून ती विषयशिक्षकांना दाखवायची, आणि त्यांना गरज वाटली तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. या सगळ्याला मुदत असते आणि फी असते. म्हणून निकालाच्या दिवशी रडारड करत बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तारखा विचारा. फीसाठी हात अडला तर गटाचं अंतर्गत कर्ज आहेच. लग्नाच्या मांडवाला आपण कर्ज देतो, मग पेपरच्या फॉर्मला का नाही?

ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. तो भरून बाहेरून दहावीला बसता येतं. गटातल्या ज्या सुनांची शाळा लग्नामुळे सुटली, त्यांनीही चौकशी करावी. शाळा सोडल्याचा दाखला तेवढा जपून ठेवा.

आता आपल्या हातात काय आहे, ते सांगते. लेखी पेपर आपण सोडवू शकत नाही. पण शाळेचे ते २० गुण मुलांना मिळतात की बुडतात, हे बऱ्याच अंशी घरावर अवलंबून असतं. लावणी आहे, वीटभट्टी आहे, धाकटं भावंड सांभाळायचं आहे, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर आहे, म्हणून आपण मुलीला घरी ठेवतो. मुलाला सहसा ठेवत नाही. त्या दिवशी तोंडी परीक्षा असेल तर तिचे गुण गेले. शिवाय परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, ती वेगळीच.

म्हणून शाळा सुरू झाली की तीन कामं करा. पालकसभेत विचारा, "या २० गुणांसाठी काय-काय करायचं आणि कोणत्या तारखांना?" त्या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहा. आणि गटाच्या बैठकीत ठरवा की त्या दिवशी कुठल्याही सभासदाची मुलगी कामासाठी घरी राहणार नाही. एकीच्या घरी अडचण असेल तर दुसरीने तिचं लेकरू सांभाळावं.

आपण महिन्याला थोडे-थोडे पैसे टाकतो आणि वर्षाअखेरीस रक्कम उभी राहते. शाळेचे २० गुणही तसेच साठतात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.