साहेबाला नेमणारे कामगार

सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा आपल्या ओळखीची आहे. मांडव पडतो, अहवाल वाचला जातो, ‘मंजूर, मंजूर’च्या आरोळ्या उठतात. तिथला सभासद म्हणजे ऊस घालणारा शेतकरी. रात्रपाळीला बॉयलर सांभाळणाऱ्याला, तो केवळ कामगार असेल तर, त्या मांडवात मत नाही. उत्तर स्पेनमधल्या बास्क डोंगरांत, मोंड्रागॉन गावात मात्र बॉयलरवाला हाच सभासद!

यादवी युद्धाने होरपळलेल्या या गावात १९४१ साली होसे मारिया अरिस्मेंदिआरिएता नावाचा तरुण पाद्री आला. दोन वर्षांनी त्याने तंत्रशाळा काढली. त्याच्या पाच विद्यार्थ्यांनी १९५६मध्ये ‘उल्गोर’ हा स्टोव्ह बनवणारा कारखाना उभारला. पाचांच्या आडनावांतली अक्षरं जुळवून हे नाव झालं. पुढे बँक आली, विद्यापीठ आलं. आज या समूहात ८०च्या आसपास सहकारी संस्था आहेत आणि सुमारे ७०,००० माणसं काम करतात.

सभासद होताना कामगार भांडवल भरतो. ती रक्कम साधारण तिथल्या सर्वांत कमी पगाराच्या वर्षभराच्या कमाईएवढी असते आणि हप्त्याहप्त्याने फेडता येते. मग त्याला एक मत मिळतं, मुख्य व्यवस्थापकाला असतं तेवढंच. सर्वसाधारण सभा नियामक मंडळ निवडते आणि मंडळ व्यवस्थापक नेमतं. म्हणजे दिवसभर ज्या साहेबाचं ऐकायचं, त्याला ठेवणारं मंडळ आपणच निवडलेलं! नफ्यातला वाटा कामगाराच्या नावे जमा होतो, तो हाती येतो निवृत्तीच्या वेळी. तोवर तो पैसा कारखान्यातच खेळतो. आणि पगार? सुरुवातीला वरचा पगार खालच्याच्या तिपटीवर जाऊ द्यायचा नाही असं ठरलं होतं. आजही हे अंतर सहसा सहा पटींच्या आत आहे.

पण मला सर्वांत नवल वाटतं ते १९७४च्या संपाचं. मालकच संपावर गेले! कामाची प्रतवारी लावून पगार ठरवण्याच्या नव्या पद्धतीवर उल्गोरमध्ये असंतोष उफाळला. मंडळाने १७ जणांना काढून टाकलं आणि सर्वसाधारण सभेनेही त्यावर शिक्का मारला. काही वर्षांनी त्यांना परत येण्याची वाट मोकळी झाली. संस्था हजारोंची झाली की मत हातात असूनही माणसाला आपलं कुणी ऐकत नाही असं वाटू शकतं, हे तिथल्या लोकांना तेव्हा कळून चुकलं. केवळ मतपेटीने भागत नाही. रोजच्या कामात बोलायला जागा लागते.

२०१३मध्ये उल्गोरचाच वारस असलेला घरगुती उपकरणांचा ‘फागोर’ कारखाना दिवाळखोरीत गेला. सभासदांचं भांडवल बुडालं. तरी त्यांच्यातल्या बहुतेकांना भावंड संस्थांनी कामावर सामावून घेतलं किंवा लवकर निवृत्ती दिली. बाजारात हरल्यावरही माणसं वाऱ्यावर सोडायची नाहीत, हे आधीच ठरलेलं होतं म्हणून ते जमलं.

एक उणीव मला खटकते. या समूहाच्या परदेशातल्या कारखान्यांमधले कामगार सहसा सभासद नसतात. पुण्याजवळही मोंड्रागॉनचा औद्योगिक पार्क आहे. बास्क कामगाराला जे मत मिळतं, ते इथल्या कामगारालाही मिळायला हवं.