दादाचा शेवटचा हप्ता आणि १९०१ साल

दादाने २०१८च्या दिवाळीत शहापूरजवळ आसनगावला वन-बीएचके घेतला. कर्ज वीस वर्षांचं. ‘२०३८च्या दिवाळीत मी मोकळा!’ तो खूश. मला मात्र वेगळंच टेन्शन!

त्याच वर्षी १९ जानेवारीला, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी जुन्या ३२-बिट सिस्टिम्सचं घड्याळ भरतं. हे घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं. आकडा २,१४,७४,८३,६४७ वर पोचला की जागा संपली. पुढच्या सेकंदाला थेट डिसेंबर १९०१!

म्हणजे दादाच्या हप्त्यांचा तक्ता बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला ही रेषा २०१८ मध्येच ओलांडावी लागली.

उपाय आहे, ६४-बिट वेळ. लिनक्सने २०२०च्या ५.६ आवृत्तीत ३२-बिट मशीन्सचीही सोय केली. पण नुसती ऑपरेटिंग सिस्टिम बदलून भागत नाही. तिच्यावर चालणारे प्रोग्रॅमही नव्याने बांधावे लागतात.

आपला मोबाइल तोवर चारदा बदलेल हो. पण मुरबाडच्या एमआयडीसीत आज बसवलेलं मशीन? ते तेव्हाही चालू असू शकतं. म्हणून नवं मशीन घेताना वॉरंटीबरोबर एवढंच विचारा : याला २०३८ची दिवाळी कळेल ना?