पावलागणिक पडणारा भार



मी शास्त्रज्ञ नव्हे. हमालांत उभा जन्म काढलेला, पुस्तके विकत घेऊन शिकलेला माणूस. पोत्याचे वजन काट्यावर कळते, पण ते वाहणाऱ्याच्या पायावर किती बल पडते, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळीत होता. जिवंत स्नायूला काटा कसा लावणार? म्हणून शास्त्रज्ञ शरीराची गणिती प्रतिकृती मांडतात : हाडे म्हणजे दांड्या, सांधे म्हणजे आस, स्नायू म्हणजे ओढणारे दोर.

60 किलो वजनाचा माणूस घ्या. चालताना एक पाय उचलला की सारे शरीर दुसऱ्या पायाच्या खुब्यावर तोलले जाते. टेकलेल्या पायाचे सुमारे 10 किलो वजा जाता उरलेले 50 किलो खुब्याच्या आतल्या बाजूस पडतात. शरीर तिकडे कलंडू नये म्हणून बाहेरच्या बाजूचे स्नायू ओढ धरतात. पण तराजूची ही दांडी आखूड, साधारण निम्मी. म्हणून ओढ दुप्पट, म्हणजे 100 किलोंची लागते. दोन्ही मिळून सांध्यावर 150 किलो, वजनाच्या अडीचपट! बर्लिनमध्ये बर्गमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या कृत्रिम खुब्यांतच मापकयंत्रे बसविली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मापनांत साध्या चालण्यातला भार जवळजवळ एवढाच निघाला.

खरी अडचण पुढेच आहे. एका सांध्यावर स्नायू अनेक. एकूण ओढ कळली तरी कोणी किती ओढले, हे समीकरणांतून निघत नाही. क्राउनिनशील्ड व ब्रँड यांनी 1981 साली असे गृहीत धरले की, कोणताही एक स्नायू लवकर थकू नये अशा बेताने शरीर काम वाटून देते. युनियनच्या माणसाला हे चटकन पटते! परंतु ते गृहीतच आहे. घसरड्या फळीवर चालणारा माणूस परस्परविरोधी स्नायूही एकदम आवळतो. तेथे असा हिशेब भार कमी दाखवितो.

आता डोक्यावर 55 किलोंचे पोते ठेवा. 1967 साली जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रौढ पुरुषासाठी शिफारस केलेली ही कमाल मर्यादा. त्याच ढोबळ हिशेबाने वरचे 105 किलो सांध्यावर 315 होतात. चालीच्या झोकाने आकडा थोडा हलेल, मुद्दा हलणार नाही : पोते एका किलोने वाढते, तेव्हा पावलागणिक खुब्यावर तीन किलो वाढतात. वजनाची बोलणी करताना काट्यावरच्या आकड्याबरोबर हा आकडाही मेजावर ठेवला पाहिजे.