करारात लिहिलं तसंच चित्र झालं का?

पीएचडीचा आराखडा लिहिताना मी एक वाक्य ठोकून दिलं होतं : पंधराव्या शतकातल्या इटलीत चित्र कसं असावं हे आश्रयदाता ठरवायचा आणि चित्रकार हुकुमाप्रमाणे रंगवायचा. मार्गदर्शक मॅडमनी समासात एवढंच लिहिलं, "हे तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, करारनाम्यानं. त्यावर त्या म्हणाल्या, "आणि चित्रानं काय सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चित्राकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. त्या प्रश्नापायी माझं पहिलं प्रकरण सहा महिने मागे गेलं. तुमचे सहा महिने वाचावेत म्हणून तोच करारनामा आज इथे पुन्हा वाचू या.

करार २३ ऑक्टोबर १४८५ चा, फ्लॉरेन्सचा. चित्रकार दोमेनिको गिर्लांदायो. गिऱ्हाईक म्हणजे तिथल्या अनाथालयाचा, ओस्पेदाले देल्ली इनोचेंतीचा प्रमुख. हो, 'गिऱ्हाईक' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. 'आश्रयदाता' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजाश्रय येतो, दरबार, शाल, बिदागी वगैरे. पण इथे टाकून दिलेली मुलं सांभाळणारी एक संस्था आपल्या चर्चच्या वेदीसाठी चित्र करून घेतेय, आणि तेही पै न् पैचा हिशोब लावून. मायकेल बॅक्सँडॉल यांनी १९७२ च्या त्यांच्या पुस्तकात हा करार प्रसिद्ध उदाहरण म्हणून वापरला. तेव्हापासून तो जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाचनात येतो, आणि माझ्यासारखे बरेच जण तो अर्धाच वाचतात.

अटी अशा आहेत. चित्राची लाकडी फळी संस्थेनं आधीच करून घेतलीय, पण तिचे पैसे चित्रकारानं भरायचे. रंग आणि सोन्याची पूडही त्याच्याच खर्चानं. कागदावर जे रेखाटन दाखवलंय त्याच्याबाहेर जायचं नाही. सगळं रंगकाम स्वतःच्या हातानं करायचं. निळा रंग अल्ट्रामरीनच हवा, औंसाला साधारण ४ फ्लोरिन किमतीचा. मुदत ३० महिने, उशीर झाला तर दंड १५ फ्लोरिन. किंमत ११५ मोठे फ्लोरिन. पण करार लिहिणारा फ्रा बेर्नार्दो नावाचा मठवासी म्हणतो की चित्र तेवढ्या लायकीचं वाटलं तरच. वाटलं तर तो दुसऱ्या जाणकाराचं मत घेईल, आणि कमी ठरवलं तर कमी मिळेल.

एवढं वाचलं की माझं ते वाक्य आपोआप तयार होतं. चित्रकार बिचारा पुरता बांधलेला! पण जरा थांबा.

आधी पैशाचं बघू. दरमहा ३ फ्लोरिन द्यायचे, १ नोव्हेंबर १४८५ पासून. म्हणजे ३० महिने हप्ते वेळेवर मिळाले तरी बेरीज ९० होते, ११५ नाही. खर्च मात्र चित्रकाराचा, आणि तो आधी करायचा. इथपर्यंत पारडं गिऱ्हाइकाकडे झुकलेलं. पण दंडाच्या कलमाला दुसरी बाजूही आहे : हप्ते चुकले तर चित्र पूर्ण होताच उरलेली सगळी रक्कम एकदम द्यावी लागेल. हे वाक्य मी पहिल्या वाचनात गाळलं होतं. 'दंड' हा शब्द चित्रकारापुढे दिसला आणि माझं वाचन तिथेच संपलं.

आता रेखाटन. 'त्याच्याबाहेर जायचं नाही' हे मी हुकूम म्हणून वाचलं. पण ते रेखाटन काढलं कोणी? करार सांगत नाही. त्या काळचा रिवाज पाहता ते चित्रकारानंच करून दाखवलेलं असणार. म्हणजे गिर्लांदायो बांधला गेला तो बहुधा स्वतःच्याच मांडणीला. चित्रात काय असावं याचं शब्दांतलं वर्णन करारात जवळजवळ नाहीच, ते कागदावर सोडून दिलंय. ती चर्चा करारावर सही होण्याआधी, तोंडी झाली असणार. आपल्या कामाची सगळ्यात मोठी अडचण ही आहे : दोन माणसांचं नातं ज्या बोलण्यात घडलं, ते बोलणं दप्तरात येत नाही.

चित्राकडे गेलं की त्या बोलण्याचा थोडा माग लागतो. विषय आहे बाळ येशूला वंदन करायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी राजे. हे दृश्य फ्लॉरेन्समध्ये अनेकांनी रंगवलंय. पण इथे अगदी पुढे, राजांच्या बरोबरीनं, दोन लहान मुलं गुडघे टेकून बसलीत. अंगावर जखमा. मागे दूरवर हेरोद राजाचे सैनिक बेथलेहेमच्या बालकांना मारताहेत. संस्थेच्या नावातले 'इनोचेंती' म्हणजे तीच निष्पाप बालकं. अनाथ मुलांच्या घरात, त्यांच्याच वेदीवर, मुलांना राजांच्या रांगेत बसवलंय. ही कल्पना प्रमुखाची की चित्रकाराची? दोघांपैकी एकालाच श्रेय द्यायचा हट्ट धरला तर उत्तर चुकेल असं मला आता वाटतं.

निळ्या रंगावर थोडं जास्त बोलते, कारण तिथे खरी मजा आहे. अल्ट्रामरीन हा लाजवर्दी दगडापासून करायचे, आणि तो दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. दगडाची पूड करून त्यातून रंग पुन्हा पुन्हा काढत. पहिल्या खेपेचा सगळ्यात गडद आणि महाग, पुढचे फिके होत जाणारे. म्हणून नुसतं 'अल्ट्रामरीन' लिहून भागायचं नाही, भाव लिहावा लागायचा. १४०८ मध्ये एम्पोली इथल्या कामासाठी स्तार्नीना या चित्रकाराच्या करारात मेरीच्या वस्त्राला २ फ्लोरिनवाला आणि बाकीच्या निळ्याला १ फ्लोरिनवाला असा फरकच घातलाय. आणि गंमत बघा, आपला फ्रा बेर्नार्दो ज्या जेसुआती पंथाचा, त्या पंथाचे फ्लॉरेन्समधले मठवासी उत्तम निळा रंग बनवून विकण्याबद्दल प्रसिद्ध होते! करार कोणी लिहिला हे बघायचं ते अशासाठी. भावाचं कलम लिहिणाऱ्याला त्या मालाची नस माहीत होती.

राहिलं 'स्वतःच्या हातानं'. चित्रावर १४८८ हे साल आहे, म्हणजे काम साधारण वेळेत झालं. पण मुख्य फळीखालची छोट्या चित्रांची पट्टी, जिला प्रेडेला म्हणतात आणि जी करारानुसार दोमेनिकोनंच करायची होती, ती बार्तोलोमेओ दी जोव्हान्नीनं रंगवली. मग करार मोडला का? भांडण झालं का? बहुतेक अभ्यासक इथे 'हात' शब्दशः घेत नाहीत. कारखाना माझा, दर्जाची जबाबदारी माझी, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. दोन वर्षांनंतरचा, १४८७ चा फिलिप्पो स्त्रोत्सीचा करार पाहिला तर तिथे फिलिप्पिनो लिप्पीनं स्वतः रंगवायचं, विशेषतः मानवाकृती, असं आहे. म्हणजे मालापेक्षा कसबाला भाव द्यायची भाषा करारात येऊ लागली होती. (ते कामही लांबलंच. स्त्रोत्सी १४९१ मध्ये वारला, चॅपल पूर्ण झालं १५०२ मध्ये.)

आता एक वेगळं गाव, कारण करार वाचून चित्रकार काय म्हणत होता ते कधीच कळत नाही. उत्तरेकडे फेरारात ड्यूक बोर्सो द'एस्तेनं आपल्या स्किफानोया महालात बारा महिन्यांची भित्तिचित्रं करून घेतली. हा मात्र खराखुरा दरबार, आपल्या अर्थानं राजाश्रय. २५ मार्च १४७० ला फ्रांचेस्को देल कोस्सा या चित्रकारानं ड्यूकला पत्र लिहिलं. सगळ्या चित्रकारांना एकच दर लावला होता, चौरस फुटाला १० बोलोन्यीनी. आपण घर रंगवायला देतो तेव्हा लावतो ना, अगदी तसाच. कोस्साचं म्हणणं थोडक्यात असं : मी सतत अभ्यास करतो, आता माझं थोडं नाव झालंय, चांगले रंग आणि सोनं वापरलंय, आणि मला फेराऱ्यातल्या अगदी सुमार उमेदवाराच्या पंक्तीला बसवता?

ड्यूकचं उत्तर कोरडं होतं. ठरलेल्या दरात समाधान मानावं.

कोस्सा फेरारा सोडून बोलोन्याला गेला. काही वर्षांत, साधारण १४७८ च्या सुमाराला, वारला. पत्र मात्र दरबारच्या कागदपत्रांत पडून राहिलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रकाशात आलं. त्यात त्यानं अमुक बाजूचे तीन भाग मी एकट्यानं केलेत असं सांगितलंय. त्यावरूनच मार्च, एप्रिल आणि मे हे तीन महिने कोस्साचे हे नक्की झालं. दर वाढवून मागताना लिहिलेली एक ओळ, आणि आज त्या भिंतीखाली त्याचं नाव तिच्यामुळे लागतं.

माझ्या आराखड्यातलं ते वाक्य मी शेवटी काढलं. त्याजागी आता तीन पानं आहेत, आणि मॅडमच्या मते अजून दोन लागतील.