एकेचाळीस तारखेचा जन्म!

शाळेच्या कचेरीतले जनरल रजिस्टर तुम्ही पाहिले असेलच. समजा, त्यातील माहिती संगणकात भरली. प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ. आधी नाव, मग पत्ता, मग जन्मतारीख. दाखला छापणाऱ्या प्रोग्रॅमला सांगून ठेवले, 'ओळीतील ८१ व्या जागेपासून आठ अंक वाच, ती जन्मतारीख.' एका मुलाची तारीख आहे १५०६२०१२. सारे ठीक चालले आहे.

पुढे कोणीतरी पत्त्यानंतर पिनकोड घातला, ४११०३०. जन्मतारीख सहा जागा पुढे सरकली. प्रोग्रॅम बिचारा ८१ व्या जागेपासूनच वाचणार! त्याला मिळाले ४११०३०१५. म्हणजे मुलाचा जन्म ४१ तारखेला, दहाव्या महिन्यात, सन ३०१५ मध्ये!

आय.बी.एम.मधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवले. माहिती आत कशी रचली आहे, याच्याशी प्रोग्रॅमचा संबंधच नसावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९७५ मध्ये अमेरिकेतील 'आन्सी' या मानक संस्थेच्या अभ्यासगटाने त्यासाठी तीन मजल्यांचा आराखडा मांडला. तळमजल्यावर प्रत्यक्ष साठवण. मधल्या मजल्यावर कोणती माहिती आहे आणि तिचे परस्परसंबंध काय, याचे वर्णन. वरच्या मजल्यावर ज्याला जेवढे हवे तेवढेच दृश्य. दोन मजल्यांमध्ये एकेक दुभाषी. खाली जागा सरकल्या तर दुभाष्याची टिपणे बदलायची, दाखल्याचा प्रोग्रॅम नाही.

हा आराखडा म्हणजे एखादे यंत्र नव्हे. त्याला संदर्भ-प्रतिमान म्हणतात. मीटरपट्टीने कापड शिवता येत नाही, पण दोन कापडे मोजता येतात, तसेच हे. कोणत्याही दोन डेटाबेस प्रणाली घ्या आणि विचारा: साठवण बदलली तर किती प्रोग्रॅम पुन्हा लिहावे लागतील? रकाना वाढवला तर किती? प्रश्न सारखे असले की उत्तरांची तुलना करता येते. विक्रेत्याच्या जाहिरातीपेक्षा ही कसोटी मला अधिक भरवशाची वाटते.

तळमजल्यावरचे बदल आजच्या प्रणाली बहुधा सहज पचवतात. मधल्या मजल्यावरचे मात्र अवघड. रकाना वाढवणे सोपे. पण जन्मतारखेचा रकानाच कोणी काढून टाकला, तर दुभाषी तरी काय सांगणार?