चांदी नावाचा पारा

दाढेत ‘चांदी भरून’ घेतलेली पिढी आता सत्तरीला टेकली. चांदी म्हटलं की घरंदाज वाटतं, पण त्या भरावातला जवळजवळ निम्मा ऐवज पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथील, तांबं आणि कधी चिमूटभर जस्त. मराठी परिभाषेत याला ‘पारदमेल’ असा सुरेख शब्द आहे. दवाखान्यात मात्र डॉक्टर अमाल्गम म्हणतात आणि पेशंट चांदी.

आम्ही शिकत होतो तेव्हा हा मेळ हातानंच घालायचा. काचेच्या छोट्या खलात धातूचा कीस, वर पारा, आणि बत्ता गोल गोल. भुरभुरीत करडा कीस हळूहळू एकजीव होतो, खलाच्या भिंती सोडतो, लोण्यासारखा चमकतो. मग तो मलमलीच्या तुकड्यात पिळायचा. जास्तीचा पारा टपकायचा, एखादा थेंब फरशीवर पळायचा आणि आम्ही तो बोटानं ढकलत खेळायचो. भेगेत शिरलेला पारा वाफ सोडत राहतो हे आमच्याच पुस्तकात छापलेलं होतं. पुढे मोजून भरलेल्या बंद कॅप्सूल आल्या आणि खल कपाटात गेला.

बदनामी या मालाच्या कपाळी पहिल्यापासूनच. 1826 च्या सुमारास पॅरिसमध्ये ओग्युस्त तावो चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून दात भरत होता. 1833 मध्ये क्रॉकर बंधूंनी ही विद्या भपकेबाज नावानं न्यूयॉर्कला नेली. कीड नीट न खरवडताच ते दात भरून मोकळे होत. सोन्याचा वर्ख ठोकून दात भरणारे दंतवैद्य खवळले. 1840 साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेनं सभासदांकडून ‘अमाल्गम वापरणार नाही’ असं लिहून घेतलं. त्याच भांडणात ती संघटना 1856 मध्ये मोडली. अमाल्गम टिकलं!

ते शहाणं केलं ग्रीन व्हर्डिमन ब्लॅक यांनी, 1895-96 च्या सुमारास. कुठलं मिश्रण किती फुगतं, किती आक्रसतं हे मोजून त्यांनी प्रमाण बसवलं: चांदी साधारण दोन तृतीयांश, कथील पाव भागाहून थोडं जास्त, तांबं पाच-सहा टक्के. त्यावर जगानं अर्धं शतक काढलं. एक खोट उरलीच. पारा चांदीशी जुळतो तसा कथलाशीही जुळतो, आणि कथील-पाऱ्याचं ते संयुग, विद्यार्थ्यांचं ‘गॅमा टू’, सगळ्यांत मऊ आणि सगळ्यांत आधी गंजणारं. कडा तिथूनच तुटायच्या. 1963 मध्ये कॅनडात इन्स आणि युडेलिस यांनी किसात चांदी-तांब्याचे बारीक गोल कण मिसळले. तांब्यानं कथलाला आपल्याकडे ओढलं, पाऱ्याला ते फारसं उरलंच नाही. गॅमा टू जवळपास संपलं. सहा टक्क्यांहून जास्त तांब्याचं ते ‘हाय कॉपर’ अमाल्गम, आणि चांगल्या दवाखान्यात मग तेच राहिलं.

कणांचा आकार पुस्तकापेक्षा बोटांना आधी कळतो. लेथवर कातलेला कीस दाबाला उलट जोर देतो, शेजारच्या दाताला घट्ट भिडवता येतो. नुसत्या गोल कणांचा माल कमी पाऱ्यात भिजतो, लवकर कडक होतो, पण बारीक टोकाच्या दांडीनं दाबला की बाजूला पळतो. त्याला रुंद टोकच हवं. मला दोन्हींची मिसळच हाताला बरी वाटायची.

जस्ताची गंमत वेगळी. धातू वितळवताना ते प्राणवायू स्वतःवर घेतं आणि बाकीच्यांना वाचवतं. पण भरताना थुंकी लागली की हायड्रोजन सुटतो, तीन-चार दिवसांनी भराव फुगतो आणि पेशंट गाल धरून हजर.

अमाल्गम दाताला चिकटत नाही. म्हणून खड्डा मडक्यासारखा कोरायचा, तोंड निमुळतं, तळ रुंद. त्यात चांगला दातही जातो, आणि माझ्या मते हाच त्याचा खरा दोष. चावण्याचा दाब ते उत्तम सोसतं. ताण पडला तर मात्र पातळ कड उडते. उलट दात आणि भरावामधली सूक्ष्म फट त्याच्याच गंजानं हळूहळू बुजते. गंज कामाला येणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

अमाल्गम आता हद्दपार होतंय ते तोंडाबाहेरच्या कारणानं. दवाखान्याच्या बेसिनमधून आणि चितेच्या धुरातून पारा पाण्यात पोचतो, तिथे जिवाणू त्याचं मिथिलमर्क्युरी करतात, आणि तेच माशात साठतं. जपानमधल्या मिनामाताचं नाव घेतलेला, पाऱ्याला आळा घालणारा करार 2013 मध्ये झाला, भारतानं त्याला 2018 मध्ये मान्यता दिली. युरोपीय संघानं 1 जानेवारी 2025 पासून मोजके अपवाद सोडून अमाल्गमचा वापर थांबवला. त्याच वर्षी जिनिव्हाच्या बैठकीत कराराच्या सदस्य देशांनी अमाल्गम बंद करायला 2034 ही शेवटची मुदत ठरवली.

मध्यंतरी एक काका आले. “डॉक्टर, ह्यात पारा असतो म्हणे. काढून टाका.” आरशात बघितलं. काळपट, पण कडा शाबूत. “काका, उकरतानाच सगळ्यात जास्त वाफ सुटेल. कधी भरलीत?” त्यांनी बोटं मोजली. “धाकटीच्या बारशाच्या आधी.” धाकटी बाहेर बाकावर बसली होती, स्वतःच्या मुलीचं दप्तर मांडीवर घेऊन. मी रबरी कप लावून भरावाला पॉलिश केलं आणि काकांना चूळ भरायला सांगितलं.