शाळेने आधी पालावर यावे



बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील फासेपारधी वस्त्यांवरच्या कामाबद्दल मी मंडळ्यांमध्ये बोलतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : शाळा गावात आहे, पुस्तके फुकट आहेत, दुपारचे जेवणही मिळते, मग हे पालक मुलांना पाठवत का नाहीत? उत्तर आळसात नाही, भीतीत आहे. त्या भीतीला इतिहास आहे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला आणि माणूस जन्मानेच संशयित ठरू लागला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. तिथे मोठ्यांची हजेरी होती, मुलांसाठी शाळाही होती. काही काळ तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनने पाहिला, हे आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये. १९५२ साली कायदा रद्द झाला. हजेरीपटाची आणि प्रश्न विचारणाऱ्या साहेबाची धास्ती मात्र राहिली. आजही आसपास चोरी झाली की संशय आधी पालावर येतो. कुटुंब रातोरात निघून जाते आणि मुलाची शाळा तिथेच तुटते.

दुसरी अडचण भाषेची. पारधी बोली गुजरातीला जवळची. पहिलीतल्या मुलाला बाईंचे मराठी कळत नाही, म्हणून ते गप्प बसते. आणि गप्प बसणारे मूल लवकरच 'ढ' ठरते.

कायदा आज या मुलांच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कुटुंब दुसरीकडे गेले तर मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला लगेच द्यायचा असतो. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. पण बैठक भर दुपारी असेल, तर शेतात रोजाने गेलेली आई येणार कशी? आली तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून आम्ही शिक्षकांना तीन गोष्टी सुचवतो. पहिली भेट संध्याकाळी, पालावर, आणि कागदाविना. त्या भेटीत मुलाबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगावी. वस्तीतला शिकलेला तरुण काही दिवस पहिलीच्या वर्गात बसू द्यावा. समितीत पारधी आई घ्यावी, आणि तिला एकटे वाटू नये म्हणून दोघींना एकत्र बोलवावे.

असे नाते जुळले की त्याचा उपयोग अभ्यासापुरता राहत नाही. संशय येतो त्या दिवशी, "ही माणसे आमच्या शाळेतले पालक आहेत," असे सांगणारे गावात कोणीतरी असते. मग घाईने पाल उचलावे लागत नाही.

तुमच्या गावाजवळ अशी वस्ती असेल तर तिथल्या मुलांची नावे विचारा, आणि शाळेच्या पुढच्या बैठकीला त्यांच्या आईसोबत जाऊन बसा. या माता आणि त्यांच्या शिक्षकांसाठी प्रार्थना करा.